खेळ, नियम आणि नोंद



आज खेळांविषयी दोन शब्द सांगायचे आहेत. खेळ म्हटला की मुलांचे कान टवकारतात आणि वडील मंडळी म्हणतात, "त्यात सांगायचं काय? खेळ तो खेळ!" म्हणून मी सुरुवात खेळापासून न करता एका किल्ल्यापासून करतो. किल्ला तुमच्या ओळखीचाच आहे, विजयदुर्ग.

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाण्यात पाय सोडून हा किल्ला उभा आहे. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. मुंबईकर इंग्रजांनी १७१७ साली आणि पुन्हा १७२० साली या किल्ल्यावर आरमार पाठवले, तोफा डागल्या आणि दोन्ही वेळा ते हात हलवत परत गेले. त्या दिवसांत इंग्रजांच्या जहाजांवर क्लेमेंट डाउनिंग नावाचा एक खलाशी होता. पाहिलेले टिपून ठेवण्याची त्याला सवय. १७३७ साली लंडनमध्ये त्याचे पुस्तक छापले गेले. त्यात आंग्र्यांच्या सामर्थ्याचे वर्णन आहे, घेरियावरच्या चढाईची हकीगत आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा खेळाशी काय संबंध? संबंध असा की १७२१ साली डाउनिंगचे जहाज गुजरातेत, खंबायतच्या आखातात पंधरा दिवस अडकून पडले. खलाशी किनाऱ्यावर उतरून रोज क्रिकेट खेळत आणि आसपासचे लोक ते पाहायला जमत. ही गोष्ट डाउनिंगने त्याच पुस्तकात जाता जाता लिहून ठेवली. हिंदुस्थानात क्रिकेट खेळल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद म्हणून आज जगभर तिचाच दाखला देतात. ज्या पुस्तकात विजयदुर्गच्या तोफांची गोष्ट, त्याच पुस्तकात आपल्या देशातल्या क्रिकेटची पहिली ओळ. आहे की नाही गंमत?

पण गमतीबरोबर एक विचारही मनात येतो. हुतुतू, विटीदांडू, आट्यापाट्या, लगोरी हे खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांचे टिपण ठेवणारा मात्र गावात कुणी नव्हता. खेळ अंगात होता, कागदावर नव्हता. आणि जो खेळ कागदावर नसतो, तो गावाची वेस ओलांडताना अडखळतो. हेच मला आज उदाहरणे देऊन सांगायचे आहे.

क्रिकेटचेच पाहा. डाउनिंगचे सोबती खेळले तेव्हा त्या खेळाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. लेखी नियम आले १७४४ साली. एकदा ते आले आणि इंग्लंडातला गडी आणि आपल्याकडचा गडी एकाच मैदानात उतरू शकले. वाद झाला तर नियम पाहायचा, मोठ्या आवाजाकडे पाहायचे नाही.

आता आपला हुतुतू घ्या. महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळ मुलखात सडुगुडू! खेळाचा जीव एकच. एका दमात पलीकडे जायचे, गडी मारून परत यायचे. पण तपशील गावोगाव निराळा. कुठे संजीवनी, म्हणजे समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येई. कुठे गामिनी, म्हणजे एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. कुठे अमर, म्हणजे गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजायचा. सांगा बरं, एका गावचा संजीवनीवाला संघ दुसऱ्या गावच्या गामिनीवाल्या संघाशी खेळणार कसा? खेळाच्या आधी भांडणच व्हायचे!

हे भांडण मिटवले ते व्यायामशाळांतल्या आणि शाळांमधल्या माणसांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस महाराष्ट्रातल्या जाणत्या मंडळींनी एकत्र बसून नियम ठरवले, मैदान मोजले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी लोकांना दाखवली. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. पुढे शंकरराव, म्हणजे बुवा साळवी यांच्यासारख्यांनी या खेळापायी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला मानाचे पान मिळाले. २०१० पासून मुलींचा संघही तिथे खेळू लागला.

खोखोचीही हीच वाट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले. दोन खांब, मधली पाटी, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी आणि पाठलाग करणारा नववा. त्याने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही, पाटी ओलांडायची नाही. आपल्याला जमत नसेल तर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यायचा. या दोन-तीन बंधनांतच खोखोची सारी गंमत साठली आहे. ती काढून टाका, नुसती पळापळ उरेल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या मुलींनी आणि प्रतीक वाईकरच्या मुलांनी, दोन्ही संघांनी तो जिंकला.

नियम ठाऊक असणे किती मोलाचे, ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. शिक्षक मित्रहो, हे नाव लक्षात ठेवा! खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या पदकामागे एक चटका आहे. तिथे त्यांना एका दमछाक करणाऱ्या कुस्तीपाठोपाठ लगेच रशियाच्या ममदबेकोवशी लढायला उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो नियम दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले. अंगात बळ होते, डाव होते, पाठीशी नियम सांगणारा माणूस नव्हता. आज १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन आहे.

आणि नोंदीचे महत्त्व? त्यासाठी पालवणकर बाळूंची आठवण करू. कोकणातल्या पालवणचे नाव लावणारे हे चांभार समाजातले घराणे. १८७६ चा जन्म. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टीची मशागत करीत आणि साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकीत. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले खरे; पण चहाच्या वेळी इतर गडी आत बसत आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. कप्तानपद त्यांना कधी दिले नाही. ते मिळाले १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. चहा बाहेर देणाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. बाळूंचे ११४ बळी मात्र वहीत लिहिलेले आहेत आणि ते कुणाला पुसता येत नाहीत. गुणवहीला जात कळत नाही, बरं का!

लिहिलेला खेळ किती दूर जातो, याचे अलीकडचे उदाहरण देतो. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत मुलींच्या कबड्डीचा शेवटचा सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. इराण जिंकला. त्या इराणी मुलींना शिकवणारी बाई कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! आपला संघ हरला याचे वाईट वाटणारच. पण एके काळी खळ्यात खेळला जाणारा हुतुतू शिकवायला नाशिकची बाई इराणात जाते, याचा अभिमानही वाटायला हवा. २०२३ साली हांगझोऊला आपल्या मुलींनी सुवर्णपदक परत मिळवले.

तर मग आपण गावात काय करावे? कबड्डीला पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढीच जागा लागते. कापणी झालेला मळा चालेल, ओहोटीची घट्ट पुळण चालेल. फक्की नसेल तर राखेने रेघा मारा, पण टेपाने मोजून मारा. प्रत्येक सामन्याला एका मुलाला पंच करा, एका मुलीला गुण लिहायला बसवा. ज्याला खेळायला जमत नाही त्याच्या हाती शिट्टी द्या. तो नियम शिकेल, न्याय करायला शिकेल. जिल्ह्याच्या स्पर्धेत आपला मुलगा निदान रेषा न ओलांडता परत आला म्हणून बाद ठरतो आणि रडवेला होऊन विचारतो, "गुरुजी, माझं काय चुकलं?" ही वेळ त्याच्यावर येऊ नये.

दुसरे काम शाळेच्या एका वहीचे. घरोघरच्या आजी-आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणीचे खेळ मुलांनी लिहून काढावेत. खेळाचे नाव काय, गडी किती, मैदान कसे आखायचे, बाद कधी होतो, तोंडाने काय म्हणायचे आणि भांडण झाले तर कसे मिटवायचे. बाजूला मैदानाची आकृती काढावी. एका पावसाळ्यात अशी वही सहज भरेल. आजोबा गेले की त्यांच्याबरोबर आट्यापाट्यांतली एखादी युक्तीही जाते, आणि ती परत आणता येत नाही.

घेरियाच्या तोफांपुढून परत गेलेल्या आरमारातला एक खलाशी आपल्या खेळाची एक ओळ लिहून गेला, आणि तीनशे वर्षांनंतरही ती वाचली जाते. आपल्या मुलांना लिहिता येते, वाचता येते आणि खेळता तर येतेच. येत्या शनिवारी दप्तरातली एक कोरी वही काढा आणि पहिल्या पानावर लिहा, 'आमच्या गावचे खेळ'.