सेफ्टी टँक : सेफ्टी कुणाची?

(छत्रपती संभाजीनगर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी इथं कविता झाल्या. छान झाल्या. आता मी संडासाच्या टाकीवर बोलणार आहे. ज्याला नाक मुरडायचं त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं, कारण पुढं वास वाढतच जाणार आहे.

आपल्याकडं सेप्टिक टँक कोण म्हणतं? गवंडी, बिल्डर, मास्तर, सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. मूळ शब्द सडण्या-कुजण्यावरून आलेला. आपण त्याची सेफ्टी करून टाकली. वर राहणाऱ्याची सेफ्टी झालीच म्हणा. बटण दाबलं, मैला डोळ्याआड. पण त्या टाकीत उतरणाऱ्याची सेफ्टी कुठंय?

मी एसी बसवणारा माणूस. आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला. मार्च लागला की आपलं शहर तापतं आणि मला जेवायला फुरसत नसते. मी घरात शिरतो तेव्हा खांद्याला बॅग असते, हातात गेज असतं. गॅसचं प्रेशर बघतो, कॉइल धुतो, पावती फाडतो. घरच्या बाई पाणी देतात. साहेब फोनवर सांगतात, टेक्निशियन आलेत, नंतर बोलतो.

त्याच इमारतीत पार्किंगच्या फरशीखाली दुसरं यंत्र असतं. त्याला यंत्र कुणी म्हणत नाही, पण ते यंत्रच आहे. टाकीला बहुतेक दोन कप्पे असतात. मैला पहिल्या कप्प्यात येतो. जड ते तळाला बसतं, त्याचा गाळ होतो. तेल-चरबी वर येते, तिची साय धरते. मधलं पाणी पुढच्या कप्प्यात आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जंतू तळाचा गाळ खात राहतात. मोटर नाही, वीज नाही. पण सगळा गाळ काही ते संपवत नाहीत. तो साठतो. दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो.

त्यात आपली जमीन कसली? वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. शोषखड्ड्यातलं पाणी जिरणार कुठं? पावसाळ्यात टाकी तुंबते, संडास उलटा येतो. सातारा-देवळाईकडं, मिटमिट्याकडं, शहर जिकडं जिकडं पसरलं तिकडं इमारती आधी गेल्या आणि ड्रेनेज मागून निघालं. म्हणून या टाक्या.

मग हा सुद्धा सर्व्हिसिंगचाच विषय झाला की नाही? एसीचा वर्षाचा करार होतो, टाकीचा होत नाही. एसीवाला दिवसाढवळ्या येतो, टाकीवाल्याला रात्री अकरानंतर बोलावतात. एसीवाल्याला पावती मागतात, टाकीवाल्याला आधी क्वार्टर पाजतात. काम दोघांचं तांत्रिक. जिवाचा धोका त्याला जास्त आणि मजुरीची घासाघीस पण त्याच्याशीच. असं का? एसी आपल्या घरात परवा आला, त्याला जात चिकटायला वेळ मिळाला नाही. मैल्याला ती टाकीच्या आधीपासून चिकटलेली होती.

एका सोसायटीत काम उरकून निघालो होतो. सेक्रेटरी जवळ आले. माझ्या मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांनी बघितला असावा. हळूच म्हणाले, "टाकी भरलीय. तुमच्याकडं कुणी माणूस असेल ना?"

मी म्हणालो, "आमच्याकडं म्हंजे कुठं, साहेब?"

ते गप्प. मी म्हणालो, सक्शनची गाडी बोलवा. तर म्हणे, तळाचा घट्ट गाळ पाइप ओढत नाही. माणूस सोडला की तळ साफ होतो. 'माणूस सोडला'! विहिरीत पोहरा सोडावा तसा. अहो, वेळेवर उपसली तर गाळ घट्ट होतच नाही. झालाच तर वरून जोराच्या दाबाचं पाणी मारून ढवळा, सैल करा, मग ओढा. त्यासाठी मशीन लागतं. माणूस मशीनपेक्षा स्वस्त पडतो, एवढंच त्यांचं इंजिनिअरिंग.

मी गॅसमधला माणूस, म्हणून टाकीतल्या गॅसचं सांगतो. नीट ऐका. हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्यासारखा वास. थोडा असेल तोवर नाक सांगतं. शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला, हवा खेळली, उतरू आता. पाचशे-सातशेच्या पुढं काही मिनिटांत शुद्ध जाते. हजाराच्या वर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी दबा धरून बसतो. गाळ ढवळला की भसकन सुटतो. सोबत मिथेन असतो. तो ऑक्सिजनची जागा खातो आणि ठिणगी पडली तर पेटतो. काडी पेटवून टाकी तपासायची आपली पद्धत म्हणून जीवघेणी. दिवा जळतोय याचा अर्थ विष नाही असा होत नाही. तोंडाला बांधलेला ओला रुमाल काही अडवत नाही. आणि एक कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, भाऊ असतो, मित्र असतो. तोही तिथंच पडतो. म्हणून एका टाकीत एक मरत नाही, तीन-चार मरतात.

मे २०२३. आपल्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. पाच! अशा वेळी पेपर 'दुर्दैवी घटना' लिहितात. दैवाचा काय संबंध? गॅसचा आणि मशीन न आणण्याचा संबंध आहे.

कायदा नाही का? आहे. एक १९९३ चा. दुसरा २०१३ चा, तो लागू झाला ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी. आपण चैत्यभूमीवर मेणबत्ती लावतो त्या दिवशी तो कायदा आठवतो का कुणाला? त्याचं कलम ७ म्हणतं, कुठलीही व्यक्ती, स्थानिक संस्था वा एजन्सी गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावू शकत नाही. थेट नाही, आडून पण नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. 'व्यक्ती'मध्ये सेक्रेटरी येतो, बंगलेवाला येतो, ठेकेदार येतो. पण कायद्यात फट ठेवलीय. संरक्षणाची साधनं न देता केलेली सफाई तेवढी 'धोकादायक'. मग कागदावर हातमोजे दिले, बूट दिले, मास्क दिला की झालं.

सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले. २०२३ साली तीस लाख केले. ते पैसे त्या बायकांच्या हक्काचे आहेत, भांडून घेतलेच पाहिजेत. पण हिशेब बघा. मेल्यावरचा दर वाढला. जिवंत असताना गॅसचं मीटर, दोर आणि मशीन आणायला कुणाच्या खिशात पैसा नाही.

आपलं शहर पाण्यासाठी प्रसिद्ध. मलिक अंबर, बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली आणि नहरीनं शहराला पाणी पाजलं. येणाऱ्या पाण्याचा इतिहास आहे, जाणाऱ्या पाण्याचा नाही. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडच्या तळ्यावर येणाऱ्या पाण्याचा हक्क बजावला. जाणाऱ्या पाण्याचं लोढणं अजून आपल्याच गळ्यात आहे.

आता आपल्यातलं बोलू. नागसेनवनात आपण शिकलो. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ लढलो, माणसं गमावली. पदव्या आल्या, नोकऱ्या आल्या, फ्लॅट आले. फ्लॅटखाली टाकी आहेच. तिथं कोण उतरतं? मेहतर, मातंग, गरीब मुसलमान, नाहीतर गावाकडून आलेला आपलाच भाचा. ढापा उघडला की आपल्यातले किती जण खिडकी लावून घेतात? त्या लावलेल्या खिडकीच्या आत जे बसलेलं असतं त्यालाच ब्राह्मण्य म्हणतात. त्याला जानवं लागत नाही.

कुणी म्हणेल, मग त्या लोकांनी खायचं काय? लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या पगारावर घरं उभी राहिली, पोरं शिकली. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बापाच्या जागी पोरगा, पोराच्या जागी नातू, ही वाट कुठं जाते? आणि ठेक्यावरच्याला तर तेही नाही. म्हणून रोजगार मागायचा तो मशीनवरचा. सक्शन गाडी त्यांच्या मालकीची, कर्ज त्यांना, ट्रेनिंग त्यांना. एसीचा ट्रेड आयटीआयला शिकवता, मग टाकीचा का नाही? सर्टिफिकेट द्या, बॅग द्या, पावतीबुक द्या. मग बघू कोणकोणत्या जातीची पोरं ॲडमिशनला रांग लावतात.

तोवर आपण काय करायचं? टाकीत उतरायचं नाही, कुणाला उतरवायचं नाही, साधनं घालून सुद्धा नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव घ्या : दर दोन वर्षांनी गाडीनंच उपसा, दिवसा, पावतीसह. कुठं माणूस उतरताना दिसला तर तिथंच काम थांबवा, पोलिसांना बोलवा, तक्रार लेखी द्या, कलमाचा आकडा घालून. आणि कुणी आत पडलाच तर मागं उडी मारू नका. फायर ब्रिगेडला फोन करा.

उद्या आपापल्या इमारतीत जाऊन तीन प्रश्न विचारा. टाकी शेवटची कधी उपसली? कुणी उपसली? पावती कुठंय? उत्तरं लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या. तिथून कामाला लागू.

जय भीम.