गोदामातील धान्य आणि आपला हक्क

(वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाने कायद्यावर बोलावे आणि धान्याच्या कोठारावर शेतकी खात्याच्या माणसाने बोलावे, अशी रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. कारण सरकारी गोदामातील पोते हा माझ्या मते कायद्याचाच विषय आहे. आपल्यापैकी अनेकांच्या चुलीवर शिजणारा तांदूळ आणि गहू रास्त भाव दुकानातून येतो. दुकानात तो तालुक्याच्या शासकीय गोदामातून येतो आणि तेथे तो भारतीय अन्न महामंडळाच्या मोठ्या कोठारांतून येतो. या वाटेवर ते धान्य भिजले, कुजले किंवा किडले, तर नुकसान कोणाचे झाले? सरकारचे झाले, असे पुष्कळ लोक म्हणतात. हे उत्तर चुकीचे आहे, एवढेच मला आज आपणांपुढे सिद्ध करावयाचे आहे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी माणसे सांगतात की, दाण्यात सोंडे निघाले, पोत्याला कुबट वास आला. आणि लगेच पुढे म्हणतात, “पण साहेब, फुकटचे धान्य. त्याला नावे कशी ठेवायची?” या एका वाक्यातून गावगाड्याची जुनी सवय बोलते. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या उष्टे आणि शिळे आले, त्याला मिळेल ते मुकाट्याने पदरात घेण्याची सवय लावण्यात आली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडून देण्यास आपल्या वडीलधाऱ्यांना सांगितले. त्या पिढीने गावाचे शिळे नाकारले. त्यांच्या नातवंडांनी सरकारच्या गोदामातील कुजके का स्वीकारावे?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २००१ साली सरकारी कोठारे ओसंडून वाहत होती, उघड्यावर रचलेली पोती सडत होती आणि दुष्काळी खेड्यांत माणसे उपाशी होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने हे चित्र सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले. घटनेच्या २१ व्या कलमाने जीविताचा हक्क दिला. मग अन्नावाचून जीवित कसले, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सरकारच्या अन्न-योजनांना कायदेशीर हक्काचे रूप दिले. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये त्याच खटल्यात न्यायालयाने बजावले की, धान्य सडू देण्यापेक्षा ते गरिबांना वाटून टाका. आणि हा सल्ला नसून आदेश आहे, असेही स्पष्ट केले. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पुढील ५ वर्षांसाठी वाढविण्यात आली. किंमत शून्य झाली म्हणून हक्क शून्य होत नाही, हे ध्यानात ठेवा.

याच कायद्याच्या व्याख्या-कलमाकडे मी आपले लक्ष वेधतो. अन्नधान्य म्हणजे केंद्र सरकारने ठरविलेल्या गुणवत्तेच्या निकषांत बसणारे तांदूळ, गहू किंवा भरड धान्य, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे वजन आणि प्रत या दोन्ही गोष्टी हक्काच्या आहेत. माझा युक्तिवाद असा की, ५ किलो कुजका गहू देणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काहीच न देणे होय. आणि ठरलेले धान्य मिळाले नाही, तर त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. हा युक्तिवाद लेखी तक्रारीत मांडला गेला पाहिजे.

परंतु तक्रार करणाऱ्याला धान्य कसे बिघडते हे ठाऊक असावे लागते. धान्याचा पहिला शत्रू ओलावा. खरेदीच्या वेळी गव्हात १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यावर १४ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात. त्यापुढे घेत नाहीत. हा हिशेब उगाच केलेला नाही. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. ओलावा वाढला की हा श्वास वाढतो, थप्पीच्या पोटात उष्णता साठते, बुरशी धरते आणि दाण्यांचे गोळे होतात. म्हणून पोती थेट जमिनीवर रचावयाची नसतात. खाली लाकडी फळ्या घालावयाच्या असतात, कारण फरशीतूनही ओल चढते. थप्पी भिंतीला टेकलेली नसावी आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस चालेल एवढी वाट असावी. तपासणाराला चारही बाजू दिसल्या पाहिजेत. आणि जे धान्य आधी आले ते आधी बाहेर जावे. हा शेवटचा नियम मोडला की जुनी थप्पी मागे कुजत राहते आणि नवी पुढच्या दाराने निघून जाते.

दुसरा शत्रू कीड. सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि ते छिद्र बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाते. वरून धड दिसणारा दाणा पोकळ झालेला असतो. खापरा भुंगेऱ्याची अळी भिंतीच्या आणि फरशीच्या भेगांत दडून अन्नावाचून दीर्घकाळ तग धरते. म्हणून भेगा बुजविणे आणि गोदाम झाडून स्वच्छ ठेवणे यांवाचून नुसत्या औषधाचा उपयोग नाही. अन्न महामंडळात धान्याची तपासणी दर पंधरवड्याला व्हावयाची असते. कीड आढळली तर थप्पीवर हवाबंद आच्छादन घालून, त्याच्या कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि काही दिवसांत कीड मरते. नंतर आच्छादन काढून वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे लागते. हा वायू माणसालाही मारतो. गोदामांत ओझी वाहणाऱ्या हमालांत आपलेही बांधव आहेत. धुरी दिलेल्या थप्पीजवळ सूचना लावली आहे काय आणि ती उघडण्यापूर्वी वायू गेल्याची खात्री केली जाते काय, हे त्यांनी विचारले पाहिजे. माता-भगिनींनाही माझी विनंती आहे की, या गोळ्या घरातील कणगीत किंवा निजण्याच्या खोलीत कदापि ठेवू नयेत.

किडलेले धान्य कस गमावते. बुरशीचे धान्य विषारी होऊ शकते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात आदिवासी कुटुंबांनी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ला. ३९७ माणसे काविळीने आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली. तो मका घरचा होता, सरकारी नव्हता. पण बुरशी हा भेद करीत नाही. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालते आणि शिजविल्यानेही जात नाही. म्हणून सोंडे निघाले तर धान्य चाळता येते, उन्हात घालता येते. मात्र बुरशीचे गोळे झालेले धान्य धुऊन मुलांना घालू नका.

आता जबाबदारीचा प्रश्न. धान्य बहुधा हस्तांतराच्या सांध्यावर बिघडते आणि तेथेच जबाबदारीही हरवते. महामंडळ म्हणते, आम्ही चांगले दिले. तालुका गोदाम म्हणते, मालमोटारीत भिजले. दुकानदार म्हणतो, मला असेच आले. या तिघांच्या टोलवाटोलवीवर एकच उपाय आहे, तो म्हणजे नमुना. महामंडळाकडून धान्य उचलताना राज्य सरकारच्या प्रतिनिधीने ते तपासावे, दोघांनी मिळून मोहोरबंद नमुने ठेवावेत आणि दुकानात ग्राहकाला दिसेल असा नमुना मांडावा, अशी व्यवस्था घालून दिलेली आहे. दुकानातील नमुना आणि आपल्या पिशवीतील धान्य यांत फरक पडला, तर बिघाड कोठे झाला याचा माग तेथूनच लागतो.

मग आपण काय करावे? दुकानात पिशवी भरण्यापूर्वी दाणे हातावर घ्या, वास घ्या, नमुना दाखविण्यास सांगा. धान्य खराब असेल तर दोन साक्षीदारांसमक्ष थोडे बाजूला काढून बंद करा, त्यावर तारीख लिहा आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. कलम १५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी आहे. त्यावर राज्य अन्न आयोगाकडे अपील आहे. अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा सबळ कारणावाचून न देणाऱ्या सेवकास ५,००० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगास आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ हाही आपल्या हाती आहे. पुष्कळांना वाटते की, त्याने केवळ कागद मिळतात. सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि सरकारच्या ताब्यातील पदार्थाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्यात आहे. तालुक्याच्या गोदामाची तपासणी-नोंदवही पाहावयास मागा, थप्पीचा नमुना मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास त्यासाठी शुल्कही पडत नाही.

शेवटी दक्षता समित्यांविषयी. दुकानापासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीवर या समित्या असाव्यात आणि त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, स्त्रिया व निराधार यांना योग्य प्रतिनिधित्व असावे, असे कलम २९ सांगते. नव्याने दीक्षा घेतलेली काही कुटुंबे मला विचारतात की, धर्म बदलल्याने शिधापत्रिकेला किंवा या जागेला बाध येईल काय? मुळीच येणार नाही. धान्याचा हक्क धर्म विचारीत नाही. आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा आपल्या दुकानाची समिती आहे काय, ती कधी बसते, तिच्यावर कोण आहे, हे विचारा. समितीत आपली एक भगिनी असू द्या. धान्य निवडणाऱ्या हातांना खराब दाणा लगेच कळतो. त्या हातांना सहीचा अधिकारही हवा.

बंधू-भगिनींनो, गोदामाला कुलूप सरकारचे आहे, पण आतील धान्य आपल्या नावाने ठेवलेले आहे. ते नीट ठेवले आहे काय हे विचारताना कोणापुढे हात जोडण्याचे कारण नाही. पावसाळा सुरू आहे. या महिन्यातच एक अर्ज लिहा आणि आपल्या तालुक्याचे गोदाम पाहून या.

जय भीम.