चुकारा रखडला की बाजार ओस पडतो
(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्याचे अर्थकारण म्हटले की धान, राइस मिल, विडी आणि अलीकडे तिरोड्याचा वीज प्रकल्प, एवढ्यांचीच चर्चा होते. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते या यादीत कधीच नसतात. न्हावी, शिंपी, मोटारसायकल दुरुस्त करणारा, खानावळ चालविणारी बाई, मंडप-बिछायतवाला, बँडवाला, ऑटोरिक्षावाला. सरकारी भाषेत हे 'सेवाक्षेत्र' होय. त्यांची ना संघटना, ना मागण्यांचे निवेदन. धंदा मंद का, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: गिऱ्हाईक नाही.

हे गिऱ्हाईक जाते कोठे? ते कोठेही जात नाही. ते आपल्या गावातच बसलेले असते, त्याच्या हाती पैसा नसतो. गोंदिया, गोरेगाव, आमगाव, अर्जुनी मोरगाव येथील बाजाराचे गिऱ्हाईक मुख्यतः धान उत्पादक आणि त्याच्या बांधीत राबणारा मजूर आहे. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, पुढे झाडीपट्टीची नाटके लागतात, मग लग्नसराई येते. मंडप, बँड, शिलाई, नाटकाचे तिकीट, चहा-भज्यांचे दुकान, या सर्वांची वर्षाची कमाई याच काही महिन्यांत व्हायची असते. आणि नेमक्या त्याच काळात शेतकरी मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान मोजून देऊन चुकाऱ्याची वाट पाहत बसतो. चुकारे रखडल्याची ओरड आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण ती केवळ शेतकऱ्याची ओरड समजतो.

थोडा हिशेब मांडू. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. समजा एखाद्याने 20 क्विंटल धान दिले. त्याचे 47,380 रुपये झाले. ते दोन महिने अडकले आणि त्याने महिना शेकडा तीन दराने सावकाराकडून तेवढीच रक्कम उचलली, तर सुमारे 2,840 रुपये व्याजात गेले. घरातील लेकरांचे कपडे शिवण्याचा खर्च तो हाच. शिंप्याच्या यंत्रावर कापड आले नाही, याचे कारण शिंप्याच्या कौशल्यात शोधण्यात अर्थ नाही.

उसाचे पाहा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज द्यावे लागते. कारखानदार ते पाळतात असे नव्हे, पण भांडायला कलम तरी आहे. सरकार स्वतः खरेदीदार असते तेव्हा धानाला हाच न्याय का नसावा?

बोनसचा प्रकार निराळा. पूर्वी तो क्विंटलमागे 700 रुपयांपर्यंत मिळत असे. 2022 च्या हिवाळी अधिवेशनात हेक्टरी 15 हजार आणि 2023 च्या अधिवेशनात हेक्टरी 20 हजार रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. रक्कम स्वागतार्हच. परंतु सातबारा ज्याच्या नावे, पैसा त्याच्या खात्यात. बटईने कसणारा आणि रोवणी करणारी मजूर बाई हिशेबाबाहेर. सलूनपासून खानावळीपर्यंत जे रोजचे गिऱ्हाईक आहे ते याच माणसांचे.

आता प्रवासाची गोष्ट. गोंदिया हे जंक्शन. येथील बाजार रेल्वेने येणाऱ्या माणसांवर पोसला गेला. 2020 च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना एक्सप्रेसचे भाडे लावले गेले. गाडी तीच, थांबे तेच. किमान तिकीट मात्र 10 ऐवजी 30 रुपये. हे भाडे 2024 च्या फेब्रुवारीत मागे घेतले गेले. तोपर्यंत आमगावहून कामासाठी येणाऱ्या मजुराच्या खिशातून जाऊन-येऊन 40 रुपये जादा गेले. म्हणजे स्टेशनबाहेरच्या टपरीवरचा त्याचा चहा-नाश्ताच रेल्वेने खाल्ला. उलट 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले आणि गाड्यांत बायकांची गर्दी वाढली. ही गर्दी आधी का नव्हती? माहेरी जाण्याची, दवाखान्यात जाण्याची, बाजार करण्याची गरज होतीच. तिकिटाची ऐपत नव्हती. मागणी नाही असे जे अर्थपंडित म्हणतात त्यांनी या एका उदाहरणावर विचार करावा.

सरकारचा उपाय ठरलेला असतो: कर्ज घ्या. 2015 पासून मुद्रा योजना आहे. पण कर्जाने दुसरी खुर्ची आणता येते, तिच्यावर बसणारा माणूस आणता येत नाही. बाजार मंद असताना काढलेल्या कर्जाने न्हाव्याच्या मागे हप्ता तेवढा लागतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या हंगामात प्रत्येक खरेदी केंद्रावर आपल्या कार्यकर्त्याने वही घेऊन बसावे; धान मोजल्याची तारीख आणि चुकारा खात्यात पडल्याची तारीख, एवढेच लिहावे. 14 दिवसांची मुदत व विलंबाला व्याज या मागणीच्या निवेदनावर शेतकऱ्यांबरोबर शिंप्यांच्या, न्हाव्यांच्या, मंडपवाल्यांच्या सह्या घ्याव्यात. आणि निवेदन द्यायला जाताना त्यांनाही सोबत न्यावे.