घरची आंबवण



इंग्लंडांत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यानें परवां एक छायाचित्र पाठविलें. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत झांकण लावलेली मोठी बादली, झांकणांतून वर आलेली एक वांकडी नळी, आणि शेजारीं हा चिरंजीव हंसत उभा. खालीं लिहिलें होतें, “मामा, आम्ही बिअर घरींच करतों.” मी मद्याचा थेंब कधीं चाखलेला नाहीं; परंतु शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें, हें होतें तरी कसें, हें विचारल्यावांचून मला राहवेना.

तो सांगतो तें असें. बाजारांत सुमारें पावणेदोन किलोंचा एक डबा मिळतो. आंत काकवीसारखा दाट पदार्थ. सातू भिजवावे, त्यांस मोड आणावे, वाळवून भरडावे, ती भरड ६५ अंशांच्या आसपास उष्ण पाण्यांत ठेवून पिठाची साखर होऊं द्यावी, मग हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून उकळावें, हा सारा खटाटोप कारखान्यानें आधींच उरकलेला असतो. घरीं किलोभर साखर आणि पाणी घालून २३ लिटर द्रव करावयाचा व वर यीस्टची पुडी भुरभुरावयाची. आठवड्याभरांत साखरेचें मद्य होतें. मग बाटलीगणिक अर्धा चमचा साखर घालून बुचें घट्ट लावलीं कीं पंधरवड्यांत फेंस धरतो. उष्णमान मात्र २० अंशांच्या आसपास हवें. आमच्या जळगांवांत वैशाखांत पारा ४४ अंशांवर जातो. तेथें त्या बादलीचें काय होईल, हें मीं त्यास कळविलें आहे.

सोय आहे खरी. पण आंबवणें आमच्या खान्देशांतल्या बायकांना कोणी शिकवावयास नको. बिबड्यांसाठीं कांडलेली ज्वारी दोन-तीन दिवस भिजत पडे, आणि ती झाली कीं नाहीं हें माझी आजी झांकण किंचित उचलून, वास घेऊन ठरवी. तिच्याजवळ पुडी नव्हती. हवेंतले आणि धान्याच्या अंगचे सूक्ष्म जीवच तिची चाकरी करीत. डब्यामुळें नाकाचें हें काम उरत नाहीं.

आतां खरी गोष्ट सांगतों. धुळें-जळगांवच्या उत्तरेस सातपुड्यांत भिल्ल आणि पावरा लोकांची घरची आंबवण फार जुनी आहे. चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटेच्या आधीं गळतात. तीं वेंचून वाळवितात. वाळल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते. तीं पाण्यांत भिजवून आंबवितात व मग भट्टीवर वाफ धरून दारू गाळतात. बिअर नुसती आंबवलेली आणि ही गाळलेली, म्हणून ही कडक, हा भेद ध्यानीं ठेवला पाहिजे. देवाला प्रथम धार, मग पाहुण्याला.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें हा घरगुती हक्क परवान्याखालीं गेला आणि सरकारचें उत्पन्न वाढलें. १९४९ चा दारूबंदी कायदा आजहि महाराष्ट्रांत आहे. परवान्यावांचून दारू करणें गुन्हा, मग ती मोहाची असो वा डब्यांतली. इंग्लंडांत घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेनें १९७८ सालीं कायदा करून ती मोकळीक दिली.

यावरून कायदा तेवढा वाईट, असा निवाडा देण्यास मी तयार नाहीं. तळोदें तालुक्यांतल्या मोरवडचे गुला महाराज १९३७-३८ सालीं ‘आप की जय’ म्हणत आरती करीत, आणि दारू सोडा असें आपल्याच लोकांना सांगत. हजारों भिल्ल त्या आरतीला येत. दारूनें घरें बुडतात, सावकार मातब्बर होतो, हें त्यांना कोणा साहेबानें सांगावयास नको होतें. ती बंदी त्यांनीं स्वतः घातलेली होती. फौजदारानें घातलेली नव्हती.

चोपडें तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं मी कांहीं वर्षें मास्तर होतों. मोहाच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा, आणि जीं मुलें येत तीं पहांटेच्या जागरणानें पेंगत. मी रागें भरत असें. एके वर्षीं चौथीतला एक हुशार मुलगा आठ दिवस आला नाहीं. हजेरीपटावर मीं आठ वेळां गैरहजर मांडलें आणि चौकशी केली नाहीं. पुढें शिपायाकडून कळलें कीं घरांत मोहाचें एक मडकें सांपडलें, तें फोडलें, आणि आईला धरून नेलें. मागें धाकट्या बहिणीला सांभाळावयास हाच एकटा. नवव्या दिवशीं तो आला. मीं उशिराबद्दल त्याला उभें केलें, पाढे म्हणून घेतले, त्यानें बिनचूक म्हटले. आईविषयीं मीं विचारलें नाहीं, त्यानेंहि सांगितलें नाहीं.

दिवाळींत येतांना एक डबा तुम्हांस दाखवावयास आणूं का, असें भाचा विचारतो. नको म्हणून कळविलें आहे. त्या शाळेवर मात्र एकदां माझ्याबरोबर चल, असेंहि लिहिलें आहे.