अणूंची पंगत



काही विचार संशोधनपत्रिकेत न अवतरता थेट ग्रंथाच्या पानांत येऊन बसतात आणि वाचकाची वाट पाहत राहतात. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांचा घन पदार्थांच्या पुंजसिद्धान्तावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मजकुराची जुळवाजुळव करताना त्यांना एक गोष्ट अनपेक्षितपणे गवसली. परंतु निसर्गात खरीखुरी एकमितीय वस्तू नसते, तेव्हा हे केवळ तात्त्विक कुतूहल होय, असे मानून त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला नाही. ग्रंथात त्रोटक उल्लेख तेवढा केला.

ती गोष्ट अशी. एका सरळ रेषेत, पंगतीत पाट मांडावेत तसे, समान अंतरावर अणू आहेत. प्रत्येकाचा एकेक इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. म्हणजे ही साखळी वीजवाहक धातूच ठरावी. पायर्ल्स यांचे गणित सांगते की, अतिशीत अवस्थेत ही पंगत तशी टिकायची नाही. दोन-दोन पाट किंचित जवळ सरकतात. त्यासाठी अणुजालकाला ऊर्जा खर्चावी लागते हे खरे; पण नव्या रचनेत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्याहून अधिक घटते. व्यवहार नफ्याचाच! इलेक्ट्रॉन कोठे दाट, कोठे विरळ, अशी स्थिर लाट उमटते. हीच विद्युत्भार-घनतेची लाट. धातू मात्र धातू राहत नाही. तो विद्युत्-रोधक होतो.

यात कंपनांचा वाटा मोठा मनोज्ञ आहे. अणू स्वस्थ कधीच नसतात. थरथरणे हा त्यांचा धर्मच. इलेक्ट्रॉनांच्या प्रतिसादामुळे विशिष्ट तरंगलांबीचे कंपन मंदावते, हे वॉल्टर कोह्न यांनी १९५९ साली दाखविले. अशा साखळीत तापमान उतरू लागले की ते कंपन अधिकाधिक संथ होते आणि अखेर जागच्या जागी गोठते. गोठलेले कंपन म्हणजेच ती लाट.

ही लाट विनारोध सरकत जाईल आणि अतिवाहकतेचे मूळ त्यातच असावे, अशी कल्पना हर्बर्ट फ्रोलिक यांनी १९५४ सालीच मांडली होती. अतिवाहकतेचे कारण १९५७ साली निराळे ठरले. कल्पना मात्र वाया गेली नाही. नायोबियम ट्रायसेलेनाइडच्या केसासारख्या बारीक स्फटिकांत अणूंच्या साखळ्या जवळजवळ एकमितीय असतात; तेथे १४५ आणि ५९ केल्विन तापमानांना अशा लाटा उभ्या राहतात. अशुद्ध कण त्यांना खिळवून ठेवतात. परंतु विद्युत्क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेले की लाट सुटते आणि वीज वाहू लागते. १९७६ साली या वर्तनाची चाहूल लागली. १९७९ साली ती मर्यादा मोजली गेली. पायर्ल्स तेव्हा हयात होते.

अणू आधी सरकतात की इलेक्ट्रॉन आधी दाटतात, हा वाद मात्र मिटलेला नाही. टायटॅनियम डायसेलेनाइड सुमारे २०० केल्विनला रूप बदलते. तेथे पुढाकार इलेक्ट्रॉनांचा असल्याचा पुरावा २०१७ साली पुढे आला. तरी जालकाला त्यातून वगळता येत नाही, असे म्हणणारे अभ्यासक आजही आपल्या मतावर ठाम आहेत.