हुतात्म्याची मागणी

पेण-रोह्याच्या श्रोत्यांसमोर हुतात्म्यांना वंदन करून खाली बसणं सोपं आहे. मी ते करणार नाही. कोवळ्या वयात गेलेल्या माणसाचं आपण प्रतीक करतो आणि त्याची मागणी मात्र त्याच्याबरोबर पुरून टाकतो, असा माझा आपल्या सगळ्यांवर आरोप आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघालेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. आठ गावकरी गेले. धाकू फोफेरकर, आलू म्हात्रे, रघुनाथ न्हावी यांच्याबरोबर नाग्या महादू कातकरी हा तरुणही त्यात होता. तो स्वातंत्र्यासाठी मेला, असं आपण भाषणांत म्हणतो. खरं आहे, पण अर्धंच. त्या दिवशी लोक जंगल कायदा मोडायला गेले होते. खैराचा कात, लाकूडफाटा, गुरांची चराई, ज्यावर डोंगरातलं घर चालायचं त्यावर सरकारनं पहारा बसवला होता. नाग्याचं स्वराज्य रानावरच्या हक्कापासून सुरू होत होतं.

प्रतीकाशिवाय आठवण टिकत नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार मेहता पंधराव्या वर्षी गोळ्या झेलून पडला, आणि त्या वयानंच पुढच्या कित्येक पिढ्यांच्या काळजाला हात घातला. पण तरुण हुतात्मा आपल्याला इतका सोयीचा का वाटतो, हेही विचारायला हवं. तो उलटून बोलत नाही. आपल्या गागोद्याचे विनोबा विशीत घर सोडून गांधीजींकडे गेले आणि १९८२ पर्यंत जगले. भूदानासाठी गावोगाव पायी फिरून त्यांनी जमीन मागितली. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर लोक तुटून पडले. त्यांच्याशी भांडता आलं, त्यांना उत्तर देता आलं. नाग्याला तेवढं आयुष्य मिळालं असतं, तर त्यानं आपल्याला काय काय सुनावलं असतं!

आता राज्य आपलं आहे, वनहक्क कायदाही झाला, मग तक्रार कसली? कायदा झाला २००६ साली, चिरनेरनंतर ७६ वर्षांनी. त्याच्या नियमांत ज्येष्ठांचा जबाबही पुरावा म्हणून धरला आहे, तरी दावे कागदाअभावी अडतात. आणि ज्याचं अर्धं वर्ष गावाबाहेर जातं त्यानं कागद आणायचा कुठून? दिवाळी सरली की पेण-रोह्यातल्या कातकरीवाड्या ओस पडू लागतात. घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात आणि शाळेतलं पोर त्यांच्यामागे. हिशेब मालकाच्या वहीत. पावसाआधी परतावं तर वहीत बाकी उरलेलीच, म्हणजे पुढच्या वर्षाचा मालकही ठरलेला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे, हे या वहीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कितीतरी वाड्यांत तर घराखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

साहित्याच्या मंचावर हे कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: नाग्यावर पोवाडा रचणं साहित्य असेल, तर त्याच्या मागणीचा पाठपुरावा करणारं लेखनही साहित्यच आहे. येत्या २५ सप्टेंबरला हार घेऊन निघण्याआधी आपल्या गावच्या वाडीत जा, तिचा दावा कुठल्या टेबलावर अडलाय ते विचारा आणि ग्रामसभेत उभं राहून मांडा.