भिंगातून दिसणारे पान

बंगळूरच्या या शिवाजीनगरात १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट अरुंद नळीतून पाहिले, तर एखादे फळ दिसेल. बाजार दिसणार नाही. मंददृष्टी वाचक संगणकाचा पडदा असाच पाहतो. मजकूर चौपट मोठा केला की पानाचा सोळावा भागच नजरेसमोर उरतो. अर्जातील प्रश्न डावीकडे आणि उत्तराची चौकट दूर उजवीकडे असेल, तर दोहोंची सांगड तुटते. अर्ज अपुरा राहतो. म्हणून संबंधित गोष्टी शेजारी असाव्यात. एवढे मोठे केलेले पानही आडवे न सरकवता वाचता यावे, अशी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे. डोळे बदलणे आपल्या हाती नाही. पानाची मांडणी मात्र आहे.